विनामूल्य विद्या आणि विद्यार्थ्याची सोय

पुण्याच्या सदाशिव पेठेतून किंवा नवी पेठेतून दिवेलागणीच्या सुमारास चालत जाणाऱ्याला एक दृश्य हमखास दिसते. जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यांवर, कधी तळघरांतही, ‘अभ्यासिका’ अशी पाटी लावलेल्या खोल्या असतात. त्यांत दोन्ही बाजूंनी लाकडी आडोसे घातलेली अरुंद टेबले ओळीने मांडलेली असतात. आणि प्रत्येक टेबलाशी मराठवाड्यातून, विदर्भातून, सांगली-सोलापूरकडून आलेले एकेक तरुण माणूस कानांत इअरफोन घालून, मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून, वही उघडून बसलेले असते. मोबाइलच्या पडद्यावर कोणी तरी शिक्षक शिकवीत असतो, आणि ते शिकवणे पुष्कळदा फुकट असते. खुर्ची मात्र फुकट नसते. तिचे दरमहा भाडे द्यावे लागते, आणि घरून येणाऱ्या मोजक्या रकमेतून खोली व खाणावळ यांच्याबरोबरच ते भाडे महिन्याच्या आरंभी बाजूला काढून ठेवावे लागते.

गेल्या पावसाळ्यात अशा एका अभ्यासिकेत काही संध्याकाळी बसण्याचा योग मला आला. शेजारच्या टेबलावर बीड जिल्ह्यातला एक मुलगा होता. चहाच्या वेळी मी त्याला विचारले, की हे धडे तर गावी बसूनही ऐकता आले असते, मग एवढा खर्च करून इथे कशासाठी आलात? तो थोडा थांबून म्हणाला, “सर, गावी धडा लागतो, पण बसणं होत नाही. इथं शेजारचा उठत नाही, म्हणून मीही उठत नाही. आणि अडलंच तर इथं चहाला खाली उतरल्यावर कुणाला तरी विचारता येतं.”

जगातील श्रेष्ठ विद्यापीठांनी विनामूल्य आणि विराट प्रमाणावर चालविलेल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांविषयी गेल्या दशकात जे अहवाल, जे प्रबंध आणि जी आकडेवारी मी वाचली, तिच्यात अखेरीस जे हाती लागते, ते या मुलाने दोन वाक्यांत सांगितले होते असे मला वाटते. या लेखात त्या अभ्यासक्रमांची हकिकत सांगायची आहे, ती त्याच्या उत्तराच्या उजेडात.

अशा अभ्यासक्रमांसाठी वापरली जाणारी ‘मूक’ (MOOC) ही इंग्रजी आद्याक्षरांची संज्ञा २००८ मध्ये कॅनडात निघाली. मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स या दोघांनी एक अभ्यासक्रम चालविला, त्यात शुल्क भरून बसलेले विद्यार्थी अवघे २५ होते आणि इंटरनेटवरून विनाशुल्क सामील झालेले दोन हजारांहून अधिक. त्या दोघांची कल्पना अशी होती की शिकणाऱ्यांनी परस्परांशी जोडले जावे, एकमेकांचे लिहिलेले वाचावे, आणि ज्ञान या देवघेवीतून उपजावे. पुढे ज्या रूपाने ही गोष्ट जगभर गाजली, त्या रूपात ही मूळची देवघेव मागे पडली आणि थोर अध्यापकाचे चित्रित व्याख्यान तेवढे पुढे आले, ही बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

गाजावाजा झाला तो २०११ च्या शरदात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सेबॅस्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेवरील आपला अभ्यासक्रम कोणाही जिज्ञासूस विनामूल्य खुला केला, तेव्हा सुमारे १,६०,००० लोकांनी नावे नोंदविली, आणि त्यांपैकी वीस हजारांवर लोकांनी तो शेवटपर्यंत निभावला. एका अध्यापकाने आयुष्यभर वर्गात उभे राहून जेवढे विद्यार्थी पाहावेत, त्याच्या अनेक पट एका सत्रात! दुसऱ्याच वर्षी थ्रुन यांनी युडॅसिटी ही कंपनी काढली. स्टॅनफर्डच्याच अँड्रू इंग आणि डॅफ्नी कॉलर यांनी कोर्सेरा स्थापन केली. आणि मे २०१२ मध्ये हार्वर्ड व एम.आय.टी. या दोन संस्थांनी प्रत्येकी ३ कोटी डॉलरची तरतूद करून एडएक्स ही विनानफा संस्था जाहीर केली. मंगळूरला वाढलेले आणि मद्रासच्या आय.आय.टी.तून पदवी घेतलेले अनंत अगरवाल हे तिचे प्रमुख झाले. विद्युत्-मंडलांवरील त्यांच्या पहिल्या अभ्यासक्रमास सुमारे १,५५,००० नावे आली आणि ७,१५७ जण उत्तीर्ण झाले.

त्या ७,१५७ जणांत मंगोलियाची राजधानी उलानबातर येथील एक पंधरा वर्षांचा मुलगा होता. त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले. वृत्तपत्रांनी ती कथा जगभर नेली, पुढे एम.आय.टी.ने त्याला प्रवेशही दिला. आणि गोबीच्या वाळवंटाच्या देशातला मुलगा बॉस्टनच्या वर्गात बसल्यासारखा शिकू शकतो, हे त्या कथेचे तात्पर्य ठरून गेले. मला त्या कथेतला दुसरा तपशील अधिक मोलाचा वाटतो. त्या मुलाच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एम.आय.टी.त शिकून मायदेशी परतलेले होते. हा अभ्यासक्रम आपल्या शाळेतल्या मुलांनी करावा, हे त्यांनी ठरविले. इतकेच करून ते थांबले नाहीत, तर प्रयोगाचे साहित्य घेऊन अमेरिकेतून आलेल्या एका जाणकाराला त्यांनी मुलांबरोबर काही आठवडे बसविले, म्हणून पडद्यावर पाहिलेले मंडल त्या मुलांना हातांनी जोडून पाहता आले. मुलाची प्रज्ञा असामान्य होती यात शंका नाही. परंतु तिला जागा, सोबती, साहित्य आणि विचारता येईल असे माणूस, या चारही गोष्टी एका मुख्याध्यापकाने मिळवून दिल्या होत्या. कथा सांगणाऱ्यांनी मुलगा आणि पडदा एवढेच पाहिले, मुख्याध्यापक त्यांच्या नजरेतून सुटला.

तो सुटल्यामुळे पुढचे काय झाले, हे आकड्यांवरून समजते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी आपल्या अभ्यासक्रमांतील सुमारे पस्तीस हजार विद्यार्थ्यांची पाहणी करून २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार विद्यार्थ्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक लोक आधीच पदवीधर होते. आणि ब्राझील, रशिया, भारत, चीन व दक्षिण आफ्रिका या देशांतून जे शिकत होते, त्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के त्या त्या देशातील सर्वांत संपन्न व सुशिक्षित अशा सहा टक्के लोकांतले होते. हार्वर्ड आणि एम.आय.टी. यांच्या सहा वर्षांच्या दप्तराचा हिशेब जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेझ-व्हॅलिएंटे या दोघांनी २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडला. ५६ लाखांवर विद्यार्थी आणि १ कोटी २६ लाखांवर नोंदण्या इतके ते दप्तर मोठे होते. त्यात आढळले, की नाव नोंदविणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक वर्गात एकदाही डोकावले नाहीत. २०१७-१८ साली अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यांचे प्रमाण ३.१३ टक्के होते. मात्र पैसे भरून प्रमाणपत्रासाठी नाव पक्के करणाऱ्यांत तेच प्रमाण ४६ टक्क्यांपर्यंत गेले होते.

या आकड्यांपैकी एका प्रकारच्या आकड्यावरून, म्हणजे पुरे करणाऱ्यांच्या अल्प प्रमाणावरून, हा सारा उद्योग निष्फळ ठरविणारे लोक आहेत. त्यांच्याशी मी सहमत नाही. ग्रंथालयात जाऊन एखाद्याने पुस्तक उघडले, हवे ते प्रकरण वाचले आणि पुस्तक परत ठेवले, तर त्या वाचनाला आपण अपूर्ण म्हणत नाही. तसेच तीन व्याख्याने ऐकून एखाद्या अभियंत्याची अडचण सुटली आणि त्याने पुढची ऐकली नाहीत, तर त्या अभ्यासक्रमाने आपले काम केले असेच म्हटले पाहिजे. मला अस्वस्थ करतो तो दुसरा आकडा, ऐंशी टक्क्यांचा आणि सहा टक्क्यांचा. ज्याच्यापाशी पदवी, फुरसत, स्वतंत्र खोली आणि इंग्रजी आधीपासून होती, त्याच्याच पदरात विनामूल्य विद्येचे दान पडले. आणि ज्याच्या नावाने ते दान जाहीर झाले होते, तो बहुधा नाव नोंदवून दाराशीच थांबला.

दाराशी थांबलेल्यांना आत आणण्याचा एक प्रयत्न २०१३ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात झाला. सॅन होजे येथील राज्य विद्यापीठाने युडॅसिटीच्या सहकार्याने गणिताचे व संख्याशास्त्राचे तीन प्राथमिक अभ्यासक्रम दीडशे डॉलर एवढ्या अल्प शुल्कात काढले, आणि राज्याचे गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी त्याचा पुरस्कार केला. पूर्वी गणितात नापास झालेली मुले, गरीब वस्तीच्या शाळांतली मुले, अशांचा त्यात भरणा होता. त्यांपैकी काहींच्या घरी संगणकच नाही, हे सत्र सुरू झाल्यावर ध्यानात आले. तिन्ही विषयांपैकी एकाही विषयात उत्तीर्णांचे प्रमाण ५१ टक्क्यांच्या वर गेले नाही आणि जुलैत तो प्रयोग तहकूब झाला. त्याच वसंतात त्याच विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागातील अध्यापकांनी हार्वर्डचे मायकेल सँडेल यांना एक अनावृत पत्र लिहिले. सँडेल यांची न्यायविषयक व्याख्याने आपल्या वर्गात लावावीत, या सूचनेस त्यांनी नकार दिला होता. आणि नकाराचे कारण असे दिले होते की सँडेल यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याशी केलेला वाद पडद्यावर पाहणे ही एक गोष्ट आहे, आणि आपल्या विद्यार्थ्याने आपल्या शिक्षकाशी समोरासमोर वाद घालणे ही दुसरी गोष्ट आहे. श्रीमंत विद्यापीठांना जिवंत शिक्षक आणि गरीब विद्यापीठांना त्यांचे चित्रण, अशी वाटणी होऊ देता कामा नये. ते पत्र मी पुनःपुन्हा वाचले आहे. त्यात धंद्याची भीती थोडी असेल, पण न्यायाची चाड अधिक आहे.

यानंतरची अमेरिकेतील हकिकत व्यापाराची आहे, ती थोडक्यात सांगतो. व्याख्याने ऐकणे विनामूल्य राहिले, परंतु स्वाध्याय तपासून घेणे, प्रमाणपत्र मिळणे, मुदतीनंतरही पाठ पाहता येणे, या गोष्टींना एकेक करून दर लागू झाला. कोर्सेराचे समभाग २०२१ मध्ये शेअरबाजारात आले. त्याच वर्षी हार्वर्ड व एम.आय.टी. यांनी एडएक्स ही आपली विनानफा संस्था टू-यू नावाच्या कंपनीला ८० कोटी डॉलरला विकली. आणि २०२४ च्या जुलैत त्या कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला. या पडत्या काळातही एक उपक्रम भक्कमपणे टिकला, तो म्हणजे जॉर्जिया टेक विद्यापीठाने २०१४ च्या जानेवारीत सुरू केलेली संगणकशास्त्राची ऑनलाइन पदव्युत्तर पदवी. ती विनामूल्य नाही, सुमारे सात हजार डॉलरची आहे. परंतु तिथे विद्यार्थ्यांचे काम तपासायला आणि शंकांना उत्तरे द्यायला साहाय्यक अध्यापकांची मोठी फौज ठेवलेली असते.

आपल्या देशाची कहाणी निराळी आहे, आणि पुष्कळ अंशी अधिक चांगली आहे, हे मी अभिमानाने लिहितो. दूरच्या विद्यार्थ्याला शिकविण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. १९७५-७६ मध्ये अमेरिकेकडून एका वर्षासाठी मिळालेल्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे संच लावून शिक्षणाचा जो प्रयोग झाला, तेवढा मोठा प्रयोग तोवर जगात कोठे झाला नव्हता. १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘देशव्यापी वर्ग’ दूरदर्शनवर भरू लागला. आणि २००३ मध्ये सात आय.आय.टी. व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून एनपीटेल हा उपक्रम केंद्र सरकारच्या पैशाने सुरू केला, तेव्हा ‘मूक’ हा शब्दही जन्मला नव्हता. पवई, खरगपूर, चेन्नई येथील अध्यापकांची संपूर्ण व्याख्यानमाला, फळ्यावरच्या खडूसकट, ज्याला हवी त्याला मिळू लागली, आणि गावोगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील कित्येक तरुण अध्यापक प्रथम स्वतःच ती पाहून वर्गात जाऊ लागले. एनपीटेलचा हा उपकार कोणत्याही तक्त्यात मोजला गेलेला नाही.

२०१४ पासून एनपीटेलने प्रमाणपत्राची पद्धत बसविली, आणि तिच्यात मला मोठे शहाणपण दिसते. अभ्यासक्रम चार, आठ किंवा बारा आठवड्यांचा; दर आठवड्यास पाठ आणि ठरलेल्या तारखेस भरावयाचा स्वाध्याय; शिकणे सर्वथा विनामूल्य; ज्याला दाखला हवा त्याने हजार रुपयांच्या घरातले शुल्क भरून परीक्षाकेंद्रावर प्रत्यक्ष जाऊन, देखरेखीखाली परीक्षा द्यावयाची. स्वाध्यायांना २५ गुण आणि परीक्षेस ७५. ९ जुलै २०१७ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘स्वयम्’ या राष्ट्रीय व्यासपीठाचे उद्घाटन झाले आणि एनपीटेलबरोबर शालेय, व्यवस्थापकीय व मानव्यशाखीय अभ्यासक्रमही त्याच छत्राखाली आले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी तर एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक ‘स्वयम्’वरून मिळविण्याची मुभा विद्यापीठांना दिली.

मुभा मिळाली तशी एक विकृतीही आली, तिचा उल्लेख टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. श्रेयांक हवे म्हणून नाव नोंदविणारी मुले वाढली, आणि आठवड्याचा स्वाध्याय प्रसिद्ध होताच त्याची उत्तरे यूट्यूबवर आणि टेलिग्रामवर फिरू लागली. मुले ती उतरवून काढतात. पाठ कोणी पाहत नाही. मग परीक्षेच्या दिवशी केंद्रावर बसल्यावर त्यांना कळते की उतरविलेले पंचवीस गुण पुढच्या पंचाहत्तरांच्या उपयोगी पडत नाहीत. त्या मुलांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. बारा आठवडे एकट्याने, न उठता, पडद्यासमोर बसण्याचे सामर्थ्य अठरा-वीस वर्षांच्या किती मुलांमध्ये असते? आपल्या वयाच्या किती वडीलधाऱ्यांमध्ये असते?

ज्या महाविद्यालयांत एनपीटेलचे स्थानिक केंद्र, ज्याला सगळे ‘लोकल चॅप्टर’ म्हणतात, नावापुरते न राहता खरोखर चालते, तेथील चित्र वेगळे असते. कोणी एक अध्यापक मुलांना आठवड्यातून एक तास एकत्र बसवितो, पाठ मोठ्या पडद्यावर लावतो, मध्येच थांबवितो, ‘हे पद कुठून आले?’ म्हणून विचारतो. व्याख्यान चेन्नईचे आणि प्रश्न आपल्या सरांचा, असा तो तास असतो. पवईच्या आय.आय.टी.त कन्नन मौद्गल्य यांनी उभारलेल्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ या उपक्रमाची मांडणीही याच जाणिवेतून झालेली आहे: दहा-दहा मिनिटांचे छोटे पाठ, पाठ थांबवून शेजारी तोच प्रयोग लगेच करून पाहावयाचा, आणि महाविद्यालयातच एका संयोजकाच्या देखरेखीखाली सगळ्यांनी एकत्र बसावयाचे. पडद्यावरची अक्षरे इंग्रजी राहतात, पण आवाज मराठीत ऐकता येतो. त्याच पवईत दीपक फाटक यांनी आय.आय.टी. बॉम्बे-एक्स या ऑनलाइन व्यासपीठाद्वारे हजारो अध्यापकांना शिकविण्याची नवी रीत लावून दिली. विद्यार्थ्यापर्यंत पोचायचे तर आधी त्याच्या जवळच्या शिक्षकाला सक्षम केले पाहिजे, हे त्यांनी फार पूर्वी ओळखले होते.

भाषेचा प्रश्न मी मुद्दाम शेवटासाठी ठेवला नव्हता, पण तो आता आलाच. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला ‘बल’, ‘त्वरण’, ‘संवेग’ हे शब्द ठाऊक असतात. महाविद्यालयात त्यांची जागा ‘फोर्स’, ‘ॲक्सिलरेशन’, ‘मोमेंटम’ घेतात. आणि ऑनलाइन पाठात हेच शब्द तमिळ वा बंगाली वळणाच्या इंग्रजीतून, झपाट्याने, त्याच्या कानांवर येतात. एनपीटेलने आपल्या पाठांची मराठी भाषांतरे करविली आहेत, ते काम स्तुत्य आहे. परंतु यंत्राच्या मदतीने घडविलेले भाषांतर वाचताना पुष्कळदा विद्यार्थ्याला त्या मराठीचेच इंग्रजी शोधावे लागते. आपल्याकडचा चांगला शिक्षक हे कसे सोडवितो? तो फळ्याशी उभा राहून सांगतो, “बल, म्हणजे फोर्स, म्हणजे तुम्ही गाडीला धक्का देता ना, तो,” आणि पुढे जातो. एका वाक्यात तीन पायऱ्या. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन करताना मातृभाषेचे माध्यम स्वीकारले, तेव्हा पुष्कळ विद्वानांनी त्याला कमी प्रतीचे शिक्षण ठरविले होते. शतक उलटले तरी मराठीतून उच्च शिक्षण म्हटले की तीच शंका आजही ऐकू येते, याचे मला दुःख होते.

स्त्रियांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ऑनलाइन शिक्षण स्त्रियांना सर्वांत सोयीचे, कारण घर सोडावे लागत नाही, असे मोठमोठ्या परिषदांतून म्हटले जाते. घर ज्यांनी आतून पाहिले आहे, त्यांना यातील चूक समजेल. घरात असलेल्या सुनेचा वेळ हा तिचा वेळ नसतो. पाठ चालू असताना दार वाजते, कुकर होतो, मूल उठते, आणि फोनही कित्येक घरी एकच असतो. तिला शिकायचे असेल तर घर सोडता येणे हीच तिची पहिली सोय आहे, निदान दुपारचे दोन तास. रमाबाई रानडे यांनी पुण्यात १९०९ मध्ये सेवासदन काढले, तेव्हा प्रौढ बायकांना शिकविण्यासाठी त्यांना प्रथम त्यांच्या घराबाहेर एक सभ्य, विश्वासाची जागा उभी करावी लागली होती.

आता मी बीडच्या त्या मुलाकडे परत येतो, कारण त्याच्या उत्तराने मला आपल्याच इतिहासातली एक गोष्ट आठवली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, हे आपण सगळे शाळेत शिकलो. परंतु त्या हुकुमाच्या सोळा वर्षे आधी, १९०१ मध्ये, त्यांनी कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले होते, आणि पुढे जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांग उभी केली. खेड्यातल्या मुलाला फी माफ करून भागत नाही, त्याला शहरात राहायला, जेवायला आणि सांगाती मिळायला जागा लागते, हे त्यांना हुकुमाच्या आधी उमगले होते. अशाच एका वसतिगृहात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढले. ते चालावे म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. तेथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, हातांनी काम करीत आणि शिकत. फी माफी आणि वसतिगृह या दोन बाबी आपल्या थोर शिक्षणकर्त्यांच्या जमाखर्चात कधीच वेगवेगळ्या पानांवर नव्हत्या.

ऑनलाइन अभ्यासक्रमांनी फी माफ केली. वसतिगृह कोणी बांधले नाही. माझे सारे म्हणणे एवढेच आहे.

हे बांधता येण्यासारखे आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची १९८९ मध्ये स्थापना झाली, तेव्हा पहिले कुलगुरू राम ताकवले यांनी घरबसल्या वाचावयाच्या पुस्तिकांच्या जोडीला अभ्यासकेंद्रे, संपर्कसत्रे आणि ‘समंत्रक’ यांची योजना केली होती. समंत्रक हा किती चांगला शब्द! मंत्र देणारा गुरू निराळा. हा बरोबर बसून मसलत करणारा. आज व्याख्यान देण्यासाठी आपल्याला नवा माणूस नको, व्याख्याने अमाप आहेत; आपल्याला तालुक्यातालुक्यांत समंत्रक हवे आहेत. शंका विचारण्यासाठी आता बोलणारी यंत्रे आली आहेत, आणि अभ्यासक्रमातील शंकांना यंत्राकडून उत्तरे देवविण्याचा प्रयोग जॉर्जिया टेकमध्ये अशोक गोयल यांनी २०१६ मध्येच करून दाखविला. अशा यंत्रांचा उपयोग जरूर करावा. पण ‘शेजारचा उठत नाही, म्हणून मीही उठत नाही’ या वाक्यातला शेजारी यंत्राला होता येत नाही.

जागाही आपल्यापाशी आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली महाराष्ट्रात दहा हजारांहून अधिक शासनमान्य ग्रंथालये उभी राहिली आहेत. त्यांपैकी कित्येकांची अवस्था तुटपुंज्या अनुदानामुळे हलाखीची आहे, ग्रंथपालाला मिळणारे वेतन सांगण्यासारखे नाही; तरी जागा आहे, टेबल आहे, गावाचा विश्वास आहे, आणि मुलगी ग्रंथालयात गेली म्हटल्यावर घरातले कोणी आक्षेप घेत नाही. अशा ग्रंथालयाच्या एका खोलीत चार संगणक, एक पडदा आणि खात्रीचे इंटरनेट असावे, आठवड्यातून तीन दिवस, ठरलेल्या वेळी, दुपारी बायकांसाठी आणि संध्याकाळी सर्वांसाठी, ‘स्वयम्’चा एकच अभ्यासक्रम दहा-पंधरा जणांनी मिळून करावा, गावातला निवृत्त शिक्षक, बँकेतला अधिकारी, सुट्टीवर आलेला अभियंता, शिकून रिकामी बसलेली पदवीधर मुलगी, यांपैकी कोणी तरी समंत्रक म्हणून बसावे आणि ती मुलगी बसली तर तिला त्याचे मानधन मिळावे, परीक्षेचे शुल्क ज्यांना झेपत नाही त्यांचे गावाने भरावे. सरकारने अनुदानाच्या नियमांत याची तरतूद करावी अशी माझी जाहीर मागणी आहे. परंतु सातारच्या बोर्डिंगसाठी भाऊराव मंजुरीच्या कागदाची वाट पाहत बसले नव्हते.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दिवाळीची सुट्टी असेल आणि पुण्या-मुंबईस, बंगळुरास, परदेशीही नोकरीला गेलेली मुले गावी आलेली असतील. ‘स्वयम्’चे पुढचे सत्र जानेवारीत सुरू होते. तुमच्या गावच्या ग्रंथालयाच्या कार्यवाहांना एकदा भेटा, एक खोली मागा, एक विषय निवडा, आणि आठवड्यातले तीन तास कोण बसणार हे सुट्टी संपायच्या आत ठरवा.